चिंतनवहीला गुण नकोत

सर्जरी वॉर्डातील पोस्टिंग संपली की नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांच्या चिंतनवह्या, म्हणजे वॉर्डातल्या अनुभवांवर स्वतः विचार करून लिहिलेल्या वह्या, माझ्या टेबलावर येतात. या वेळच्या गठ्ठ्यात निम्म्याहून अधिक वह्यांमध्ये थोड्याफार फरकाने एकच वाक्य होते : 'या अनुभवातून मला रुग्णाशी आपुलकीने वागण्याचे महत्त्व समजले.' वाक्यात चूक काही नाही, पण वॉर्डात पाऊल न टाकताही ते लिहिता आले असते. एका वहीत मात्र एक ओळ खोडलेली होती, पेन दाबून, दोन-दोन रेघा मारून. तरीही रेघांखालची अक्षरे वाचता येत होती : 'चार वाजता श्वास मोजले नाहीत, मागची नोंद बघून २० लिहिले.' खोडलेल्या ओळीच्या पुढे नीट अक्षरात लिहिले होते : 'सर्व नोंदी वेळेवर केल्या.'

त्या अख्ख्या गठ्ठ्यात रुग्णाच्या कामी येईल अशी ती एकच ओळ होती. ती खोडायला लावणारी गोष्ट त्याच वहीच्या पहिल्या पानावर चिकटवलेली होती, ती म्हणजे गुणांचा तक्ता. प्रसंगाचे वर्णन इतके गुण, भावनांची मांडणी इतके, विश्लेषण इतके, शुद्धलेखन आणि नीटनेटकेपणा इतके, आणि खाली एकूण. हा तक्ता मीच काही वर्षांपूर्वी तयार करायला मदत केली होती, आणि आज मी तो काढून टाकावा असे म्हणते आहे. चिंतनवही अभ्यासक्रमात असावी, ती सर्वांनी लिहावी, ती कोणीतरी जाणत्या व्यक्तीने वाचावी. पण तिच्यावर गुण देऊ नयेत. गुण दिले की ती वही रुग्णाकडे पाहायला शिकवत नाही, परीक्षकाकडे पाहायला शिकवते.

रुग्णाची स्थिती ओळखून योग्य निर्णय घेण्याच्या ज्या क्षमतेला अभ्यासक्रमात 'क्लिनिकल जजमेंट' म्हणतात, तिच्यासाठी मला 'रुग्णाची पारख' हे शब्द जवळचे वाटतात, कारण पारख सांगून येत नाही. ती पाहून, चुकून आणि पुन्हा पाहून येते. हा विचार नर्सिंगला नवा नाही. काय पाहावे, कसे पाहावे, कोणती लक्षणे सुधारणेची आणि कोणती बिघडण्याची, हे शिकवणे हाच परिचारिकेच्या शिक्षणातील सर्वांत महत्त्वाचा व्यावहारिक धडा आहे, असे फ्लोरेन्स नाइटिंगेल यांनी १८६०च्या सुमारास लिहून ठेवले आहे. अलीकडच्या काळात या प्रक्रियेची मोठ्या प्रमाणावर वापरली जाणारी मांडणी नर्सिंगच्या अभ्यासक ख्रिस्तीन टॅनर यांनी २००६मध्ये केली. त्यांनी आधी झालेल्या बऱ्याच संशोधनाचा आढावा घेऊन परिचारिकेच्या निर्णयाचे चार भाग दाखवले : लक्षात येणे, अर्थ लावणे, प्रतिसाद देणे आणि चिंतन करणे. त्या आढाव्यातले दोन निष्कर्ष मला आजच्या प्रश्नासाठी फार मोलाचे वाटतात. पहिला असा, की परिचारिकेच्या निर्णयावर समोरच्या वस्तुनिष्ठ माहितीपेक्षाही ती स्वतःबरोबर काय घेऊन पलंगापाशी येते याचा प्रभाव अधिक असतो. दुसरा असा, की चिंतनाची सुरुवात पुष्कळदा निर्णय कुठेतरी फसल्यावर होते. हे दोन्ही निष्कर्ष खरे मानले, तर चिंतनवहीत सर्वांत आधी जागा हवी ती फसलेल्या निर्णयाला, आणि गुणांच्या वहीत नेमकी त्यालाच जागा नसते.

हे पटवून देताना माझ्याच एका रात्रीबद्दल सांगणे भाग आहे. नोकरीला लागून जेमतेम दीड वर्ष झाले होते. पोटाच्या शस्त्रक्रियेचा चौथा दिवस असलेले एक रुग्ण होते. मोठ्या आतड्याचा खराब भाग काढून दोन टोके जोडलेली होती. हँडओव्हरमध्ये, म्हणजे ड्यूटी बदलताना रुग्णांची माहिती सोपवली जाते तेव्हा, 'स्टेबल' एवढेच सांगितले गेले. रात्री अकरा वाजता त्यांनी पलंगाची डोक्याकडची बाजू जरा उंच करायला सांगितली. मी केली. साडेबारा वाजता पुन्हा तेच. या वेळी ते म्हणाले, "सिस्टर, काहीतरी बरं नाही वाटत," आणि काय बरे वाटत नाही हे त्यांना सांगता येईना. बीपी ११८/७४, पल्स १०४, ताप नाही. पल्स दुखण्यामुळे वाढली असेल असे मी धरले. दोन वाजता गेले तेव्हा ते चादरीची कड बोटांनी चाळवत होते, आणि एक साधे वाक्य मध्ये थांबून, श्वास घेऊन पूर्ण करत होते. मी चार्टवर लिहिले, श्वास २०. मी मोजले नव्हते. संध्याकाळच्या नोंदीत २० होते, त्याआधीच्या नोंदीतही २० होते, आणि माझ्या हातून तेच उतरले.

साडेतीनच्या सुमारास शेजारच्या वॉर्डातल्या एक ज्येष्ठ सिस्टर एक औषध मागायला आल्या. जाता जाता त्या पलंगाच्या पायथ्याशी थबकल्या, काही न बोलता घड्याळाकडे पाहत पूर्ण एक मिनिट उभ्या राहिल्या आणि मग म्हणाल्या, "बत्तीस आहेत गं. डॉक्टरांना उठव." आतड्याचा जोड सुटला होता आणि पोटात जंतुसंसर्ग पसरू लागला होता. पहाटे पुन्हा शस्त्रक्रिया झाली. रुग्ण वाचले, पण त्यांना घरी जायला पुढे कित्येक आठवडे लागले.

दुसऱ्या दिवशी त्याच सिस्टरांनी मला जेवणघराच्या बाकावर बसवले आणि हातात एक कोरी वही दिली. मी रडत होते. त्या म्हणाल्या, "काय वाटलं ते नंतर लिही. आधी काय दिसलं ते लिही, वेळेसकट. आणि जे माहीत नव्हतं ते माहीत असल्यासारखं लिहू नकोस." माझ्या आयुष्यातले ते पहिले चिंतनलेखन, आणि त्या तीन सूचनांइतके नेमके मार्गदर्शन मला नंतर कोणत्याही पाठ्यपुस्तकात मिळाले नाही.

लिहायला बसले तेव्हा वाटत होते, की मला काहीच दिसले नव्हते. पान भरले तेव्हा कळले, की मला जवळजवळ सगळे दिसले होते. उशी उंच करण्याची मागणी दोनदा, वाढलेली पल्स, चाळवणारी बोटे, तुटणारे वाक्य, 'बरं नाही वाटत' हे शब्द, हे सगळे माझ्या डोळ्यांसमोरून गेले होते. फक्त प्रत्येक गोष्टीला मी स्वतंत्र आणि निरुपद्रवी कारण शोधले होते. दुखत असेल, झोप नसेल, दवाखान्याचा पलंग अवघडत असेल. पाचही गोष्टी एका ओळीखाली एक लिहून झाल्या तेव्हा त्या एकमेकींशी बोलू लागल्या. टॅनर यांच्या भाषेत सांगायचे, तर माझे लक्षात येणे शाबूत होते आणि अर्थ लावणे तुटले होते. त्याच पानावर आणखी एक गोष्ट उतरली, जी मी तोंडी कोणालाही सांगितली नसती. एक वाजता डॉक्टरांना फोन करावा असा विचार माझ्या मनात आला होता. पण त्याच रात्री दहा वाजता दुसऱ्या रुग्णासाठी केलेल्या फोनवर मला बोलणी खावी लागली होती, म्हणून मी थांबले. म्हणजे टॅनर यांच्या चार भागांतली तिसरी कडी, प्रतिसाद देणे, तीही कच्ची होती, आणि तिचे कारण माझ्या ज्ञानात नव्हते, वॉर्डाच्या वातावरणात होते.

श्वासाच्या त्या आकड्याबद्दल थोडे थांबून सांगते, कारण पारख म्हणजे काय ते इथे अगदी जवळून दिसते. बीपी आणि पल्स यंत्र मोजते, ऑक्सिजन बोटावरची चिमटी दाखवते, पण श्वास बहुतेक वॉर्डांत अजूनही माणसाला उभे राहून मोजावे लागतात. म्हणूनच ती नोंद सर्वाधिक वेळा अंदाजाने भरली जाते. आणि रुग्ण खालावू लागला की पुष्कळदा श्वासांची गती बीपीच्या बरीच आधी बदलते, कारण शरीर रक्तदाब शक्य तितका वेळ सावरून धरते. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२मध्ये आणलेल्या आणि २०१७मध्ये सुधारलेल्या 'न्यूज' या धोकासूचक गुणांकनात मिनिटाला १२ ते २० श्वासांना शून्य गुण आहेत, २१ ते २४ श्वासांना दोन आणि २५ किंवा त्याहून अधिक श्वासांना तीन; आणि एकाच मोजमापात तीन गुण आले तरी रुग्णाला तातडीने पाहावे असा संकेत आहे. या मोजपट्टीवर २० हा सुरक्षित गटातला शेवटचा आकडा आहे. न मोजता लिहिलेले २० म्हणजे इतक्या विचारपूर्वक रचलेल्या सूचनायंत्रणेला झोपवणे. त्यामुळे माझ्या विद्यार्थिनीने खोडलेली ती ओळ किरकोळ कबुली नव्हती. ती ओळ उघडी राहिली असती तर आम्हाला तासभर बोलता आले असते : श्वास मोजायचा कंटाळा का येतो, मागची नोंद समोर असली की डोळा तिच्याकडेच का जातो, आणि चार वाजता तिच्यावर आणखी किती रुग्णांच्या नोंदी होत्या.

चिंतनवही पारख कशी घडवते, याचे माझ्या मते सर्वांत भक्कम कारण भावनांपेक्षा परिणामांच्या माहितीत आहे. डॅनियल कानेमान आणि गॅरी क्लाइन हे अंतःप्रेरणेविषयी परस्परविरोधी भूमिका घेणारे दोन मानसशास्त्रज्ञ २००९मध्ये एका लेखात एकत्र आले, आणि अनुभवी माणसाच्या अंतःप्रेरणेवर कधी विसंबावे यावर त्यांचे एकमत झाले ते दोन अटींवर : परिस्थितीत काही नियमितता असली पाहिजे, आणि आपला अंदाज बरोबर ठरला की चूक, हे कळून शिकण्याची संधी मिळाली पाहिजे. रुग्णाच्या शरीरात नियमितता पुरेशी आहे. दुसरी अट मात्र परिचारिकेच्या बाबतीत रोज मोडते. आठ किंवा बारा तासांनी ड्यूटी संपते, रुग्ण दुसऱ्या वॉर्डात जातो, आपली सुट्टी येते, आणि 'त्या बाईंची लघवी कमी होत होती, पुढे काय झाले?' या प्रश्नाचे उत्तर कधीच मिळत नाही. विद्यार्थ्यांची स्थिती तर अधिक वाईट, कारण त्यांची पोस्टिंगच बदलते. वर्षानुवर्षे अशी अर्धवट राहिलेली निरीक्षणे गोळा करून माणूस आत्मविश्वासू होतो, पारखी होतोच असे नाही. नर्सिंगच्या अभ्यासक पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४मध्ये परिचारिकांच्या नवशिक्यापासून तज्ज्ञापर्यंतच्या पाच पायऱ्या मांडल्या, तेव्हा त्यांनीही अनुभव म्हणजे नुसता गेलेला काळ नव्हे, हे स्पष्ट केले होते. आधीच्या समजुती प्रत्यक्षावर घासून बदलल्या तरच तो अनुभव.

म्हणून मी आता विद्यार्थ्यांना वहीचे पान मधोमध रेघ मारून दोन भागांत लिहायला सांगते. डाव्या बाजूला त्या वेळी काय दिसले, त्याचा काय अर्थ लावला आणि पुढे काय होईल असे वाटले, हे ड्यूटी संपायच्या आत लिहायचे, चार-पाच ओळींत. उजवी बाजू कोरी ठेवायची. दोन-तीन दिवसांनी वॉर्डातून किंवा शिक्षकांकडून पुढे काय झाले ते विचारून मग ती भरायची. या साध्या रेघेचे महत्त्व फार मोठे आहे. मानसशास्त्रज्ञ बारुख फिशहॉफ यांनी १९७५मध्ये प्रयोगांनी दाखवले, की एखाद्या घटनेचा शेवट कळला की तो आधीपासूनच अटळ होता असे माणसाला वाटू लागते, आणि शेवट माहीत नसताना आपल्याला काय वाटत होते हेही नीट आठवत नाही. शेवट कळल्यावर लिहिलेल्या चिंतनात म्हणूनच 'मला आधीच शंका आली होती' किंवा 'हे मला कळायलाच हवे होते' ही दोनच वाक्ये वारंवार येतात, आणि दोन्ही खोटी असू शकतात. डावी बाजू आधी लिहिलेली असली की त्या वेळचे आपले मन आपल्याला जसेच्या तसे भेटते. कधी कधी आपला अंदाज बरोबर होता आणि केवळ धीर कमी पडला, हेही तिथेच कळते.

या पद्धतीत भावनांना जागा नाही असे कोणी समजू नये. एखाद्या मुलीला पहिला मृत्यू पाहून रात्री झोप लागत नसेल, तर ती तेच लिहील आणि तिने तेच लिहावे. शिवाय भावना ही अनेकदा निरीक्षणाची पहिली खूण असते. 'त्यांच्याजवळ जायला मला उगाचच भीती वाटत होती' असे एका विद्यार्थ्याने लिहिले होते, आणि खोदून विचारल्यावर त्या भीतीमागे रुग्णाच्या त्वचेचा बदललेला रंग निघाला. माझा आक्षेप आहे तो भावना गुणांसाठी घडवून लिहायला लावण्याला.

शिक्षणतज्ज्ञ ग्रॅहम गिब्ज यांनी १९८८मध्ये चिंतनाचे सहा टप्प्यांचे चक्र मांडले. वर्णन, भावना, मूल्यमापन, विश्लेषण, निष्कर्ष आणि पुढील कृती असे ते टप्पे आहेत. विचाराला वळण लावायला ही रचना उपयोगी आहे. पण आपण तिचे सहा रकाने केले, प्रत्येक रकान्याला गुण लावले, आणि मग विद्यार्थी हुशार असल्यामुळे त्यांनी तो फॉर्म भरायला शिकून घेतले. प्रसंग असा निवडायचा, की ज्यात चूक लहान आणि लवकर सुधारलेली असेल. भावना 'सुरुवातीला घाबरले पण नंतर आत्मविश्वास आला' या मापाची ठेवायची. निष्कर्ष सकारात्मक काढायचा. सहाव्या रकान्यात 'यापुढे मी अधिक काळजी घेईन' असे लिहायचे. यात विद्यार्थ्यांचा दोष नाही. ज्या व्यक्तीच्या हातात आपला निकाल आहे तिच्यापुढे कोणता शहाणा माणूस स्वतःची खरी चूक मांडेल? आपण मात्र त्या वह्या वाचून त्यांच्या निर्णयक्षमतेचे गुण वहीवर टाकतो, आणि ते प्रत्यक्षात निबंधलेखनाचे गुण असतात. ज्यांची लेखनाची भाषा सफाईदार नाही, पण जे पलंगापाशी विलक्षण सावध असतात, असे विद्यार्थी या मोजमापात मागे पडतात, ही बाब मला वर्षानुवर्षे खुपत आली आहे.

निर्णयक्षमता मोजायचीच असेल तर त्यासाठी इतर साधने आहेत. नर्सिंगच्या प्राध्यापक कॅथी लॅसेटर यांनी २००७मध्ये टॅनर यांच्या चार भागांवर आधारलेली मूल्यमापनपट्टी तयार केली, ती सिम्युलेशनमध्ये, म्हणजे सरावासाठी उभ्या केलेल्या रुग्णप्रसंगात, विद्यार्थ्याला प्रत्यक्ष काम करताना पाहून वापरता येते. अमेरिकेत परिचारिकांच्या परवाना परीक्षेचे स्वरूप एप्रिल २०२३पासून बदलले आणि उलगडत जाणाऱ्या रुग्णकथांवर प्रश्न विचारून निर्णयक्षमता तपासणे सुरू झाले. परीक्षा तिथे घ्यावी. जिथे मोजायचे तिथे मोजावे आणि जिथे खरे बोलायचे तिथे खरे बोलू द्यावे, या दोन जागा वेगळ्या ठेवता येतात.

गुण काढले तर कोणी लिहिणारच नाही, हा आक्षेप मला प्रत्येक बैठकीत ऐकू येतो. त्याला थोडा आधार आहे. पहिल्या काही आठवड्यांत काही वह्या खरोखरच कोऱ्या येतात. पण वही लिहिणे ही पोस्टिंगची अट असू शकते, जशी हजेरी असते, आणि हजेरीला कोणी पंचवीसपैकी सतरा गुण देत नाही. मुख्य म्हणजे लिहिलेले कोणी तरी मन लावून वाचते आणि त्यावर समोर बसून बोलते, हे कळले की लेखन सुरू होते. ब्रिटनच्या नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिलने एप्रिल २०१६पासून नोंदणी टिकवण्यासाठी दर तीन वर्षांनी पाच लेखी चिंतने आणि त्यांवर दुसऱ्या नोंदणीकृत व्यक्तीशी चर्चा बंधनकारक केली. तिथे या लेखनाला गुण नाहीत. चर्चा झाली याची खात्री हवी असते. ती व्यवस्था निर्दोष आहे असे मी म्हणत नाही, तिथेही उरकून टाकणारे असणारच. पण सक्ती आणि गुण या दोन गोष्टी वेगळ्या करता येतात, एवढे तिच्यावरून निश्चित दिसते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. विद्यार्थ्याने वहीत अशी चूक लिहिली जिच्यामुळे रुग्णाला इजा झाली किंवा होऊ शकते, तर शिक्षकाने ती पोटात ठेवायची का? अजिबात नाही. चुकीच्या औषधाची, पडलेल्या रुग्णाची, सुटलेल्या डोसची जागा इन्सिडेंट रिपोर्टमध्ये, म्हणजे अशा घटनांच्या अधिकृत अहवालात आहे आणि ती नोंद त्याच ड्यूटीत झाली पाहिजे. चिंतनवही त्या अहवालाची जागा घेऊ शकत नाही, आणि तो अहवाल चिंतनवहीची. कोणत्या गोष्टी वहीत लिहिल्यास शिक्षकाला पुढे कळवाव्या लागतील, हे पहिल्या दिवशी, पहिली ओळ लिहिण्यापूर्वी, स्पष्ट शब्दांत सांगितले पाहिजे. खोटे अभय देणे हा विश्वासघात ठरेल. ब्रिटनमध्ये २०१८मध्ये एका प्रशिक्षणार्थी डॉक्टरचे नाव वैद्यकीय नोंदवहीतून काढले गेले, आणि पुढे अपिलात तो निर्णय बदलला. त्या प्रकरणानंतर आपली चिंतने आपल्याच विरुद्ध वापरली जातील ही भीती तिथल्या डॉक्टरांमध्ये झपाट्याने पसरली. एकदा ही भीती शिरली की वह्या भरलेल्या राहतात आणि रिकाम्या होतात. म्हणूनच वहीत रुग्णाचे नाव, खाटेचा क्रमांक, ओळख पटेल असा तपशील कधीही लिहू नये, आणि पानाचा फोटो काढून ग्रुपवर टाकणे तर कोणत्याही सबबीखाली चालू देऊ नये.

पुराव्याबद्दलही प्रामाणिक असले पाहिजे. चिंतनलेखनामुळे रुग्णांचे प्रत्यक्ष भले होते असे ठामपणे दाखवणारे संशोधन तोकडे आहे. बरेचसे अभ्यास लहान गटांचे आहेत आणि विद्यार्थ्यांना स्वतःला काय वाटले यावर उभे आहेत. माझा आग्रह त्यामुळे मर्यादित आहे. चिंतनवहीचा उपयोग असेल तर तो ती खरी असण्यात आहे, आणि गुण हा तिच्या खरेपणाचा सर्वांत मोठा अडसर आहे; तो काढल्याशिवाय वहीचा उपयोग होतो की नाही हेसुद्धा आपल्याला कळणार नाही.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती एका वेगळ्या गोष्टीची. चिंतन म्हणजे 'मी कुठे कमी पडले' हाच प्रश्न, असे आपण विद्यार्थ्यांच्या मनावर ठसवत आलो आहोत. नर्सिंगच्या संशोधक लिंडा एकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांबाबत असे आढळले, की एका परिचारिकेकडे सरासरी एक रुग्ण वाढला की तीस दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता सात टक्क्यांनी वाढलेली दिसते. ज्या वॉर्डात रात्री दोन परिचारिका तीसेक रुग्ण सांभाळतात, तिथे प्रत्येक न मोजलेल्या श्वासाचा हिशेब एकट्या मुलीच्या वहीत मागणे अन्यायाचे आहे. तिने स्वतःच्या वाट्याचे लिहावेच, पण 'माझ्या हातात काय नव्हते' हेही तिने तितक्याच नेमकेपणाने लिहावे : किती रुग्ण होते, कोणते यंत्र बंद होते, कोणाला फोन करायची भीती वाटली आणि का. मागे एकदा वेगवेगळ्या आठवड्यांत एकाच वॉर्डात गेलेल्या चौघांनी, एकमेकांना न विचारता, लिहिले होते, की रात्री दोननंतर सेकंदकाटा दिसेल असे घड्याळच त्या बाजूला नाही. भिंतीवरचे बंद होते आणि मनगटी घड्याळ वापरायला बंदी होती. चौघांच्याही जुन्या पद्धतीच्या वह्यांमध्ये त्याचे रूपांतर 'मी वेळेचे नियोजन सुधारले पाहिजे' असे झाले असते. नावे न घेता ती गोष्ट इन्चार्ज सिस्टरांपर्यंत पोचवली आणि भिंतीवर घड्याळ लागले. वह्या वाचणाऱ्या शिक्षकाला हा अधिकार आणि हे कर्तव्य दोन्ही असले पाहिजे. फक्त विद्यार्थ्याला सुधारायचे आणि वॉर्डाला हात लावायचा नाही, असा करार असेल तर वह्या बंद केलेल्या बऱ्या.

वेळेचेही तसेच आहे. बारा तासांच्या ड्यूटीनंतर घरी जाऊन दोन पाने लिहा, असे सांगणे म्हणजे चिंतन नको असे सांगणेच होय. डावी बाजू लिहायला दहा मिनिटे लागतात. ती दहा मिनिटे ड्यूटीतच, हँडओव्हरच्या आधी, मोकळी करून दिली पाहिजेत. रोज लिहिण्याचीही गरज नाही. आठवड्यातून एक प्रसंग, पण उजव्या बाजूसकट पूर्ण झालेला, पुरेसा आहे. आणि वाचणाऱ्या शिक्षकानेही अधूनमधून पलंगापाशी काम केलेले असावे, नाहीतर त्याला वाक्यरचना दिसते आणि चादर चाळवणारी बोटे दिसत नाहीत.

ओळ खोडलेल्या त्या विद्यार्थिनीला मी बोलावले. ओळ मी वाचली आहे हे आधीच सांगितले, आणि तिने काही बोलण्यापूर्वी माझ्या जुन्या वहीतले ते पान तिच्यापुढे ठेवले, ज्यावर दोन वाजताच्या नोंदीसमोर 'मोजले नव्हते' असे लिहिलेले आहे. तिने ते दोनदा वाचले. मग विचारले, "मॅडम, त्यानंतर तुम्ही कधीच अंदाजाने लिहिलं नाही?" मी खरे ते सांगितले, की पुढच्या वर्षभरात दोनदा तरी लिहिले, आणि दोन्ही वेळा ते वहीत नोंदवले. पुढच्या पोस्टिंगमधले तिचे एक पान तिच्या परवानगीने इथे सांगते. डाव्या बाजूला लिहिले होते : 'पहाटे चार. पूर्ण एक मिनिट मोजले. १८. उभी होते म्हणून दिसलं, सलाईनच्या सुईभोवती हात सुजलाय. त्यांनी तक्रार केली नव्हती. सलाईन बंद केलं, स्टाफ सिस्टरांना सांगितलं. सूज किती वेळ होती माहीत नाही, दोन वाजता मी पाहिलं नव्हतं.' उजवी बाजू अजून कोरी होती.